पाठ वर, पाय खाली

त्या वर्षी मार्चमध्ये समुद्र तांबडा झाला. रोयक्लिप गावातल्या बायकांना आधी वास आला, त्यांनी नाकाला ॲप्रन लावले. पुरुष खडकांवर जाऊन उभे राहिले आणि नुसते बघत बसले. तांबडं पाणी यायचं तेव्हा येतं, त्याला कोण अडवणार? नवव्या दिवशी वारा फिरला, पाणी निवळलं आणि घळीघळीतून पर्लमून उताणे पडलेले दिसले. काळे पाय ढिले सोडलेले, आणि खेकड्यांची पंगत बसलेली.

पर्लमून म्हणजे एकाच शिंपल्याचा समुद्री जीव. वर खडबडीत पाठ, खाली तळहाताएवढा मांसाचा पाय, त्या पायानं तो खडक असा धरतो की दोन माणसांना सुटायचा नाही. चोरांनी आणि सरकारनं मिळून किनारा धुऊन नेला होता, तेव्हा पाच वर्षांपूर्वी गावानं स्वतःच ते पुन्हा लावायचं ठरवलं. पलीकडच्या पैदाशीच्या टाक्यांतून नखाएवढी तीन हजार पिल्लं बादल्यांतून आणली आणि एकेक करून हातानं खडकाला बसवली. टाकीतलं खाणं खाल्लेल्या पिल्लाच्या शिंपल्याचं टोक हिरवं होतं. पुढे समुद्रात वाढलेला भाग विटकरी होतो, पण टोक मरेपर्यंत हिरवंच राहतं. त्यामुळे रोयक्लिपचा पर्लमून कुठंही ओळखू येतो.

पिल्लं बसवायला शिकवलं ते कूर्ट एरीसनं. सत्तावन्न वर्षांचा हा माणूस पंधराव्या वर्षापासून बुड्या मारत आलेला. डावा कान त्यातच गेला. तो छातीभर पाण्यात उभा राहून पुन्हा पुन्हा एकच सांगायचा, "पाठ वर, पाय खाली. उताणा पडला की मेला. आणि हात काढायची घाई नको. तो खडक धरेपर्यंत धरा."

"इतका वेळ मी बायकोला धरलं असतं अंकल, तर ती पळाली नसती," रूबेन म्हणाला होता, आणि सगळी घळ हसली होती.

रूबेन शेजारचा. आईबाप लहानपणीच गेले, तेव्हा कूर्टच्या आईनं त्याला आपल्या ताटातलं खाऊ घालून मोठा केला. पुढे तो चोरून पर्लमून काढताना सापडला आणि दोन वर्षं आत बसून आला. त्याला घळीच्या राखणीला नेमलेल्या सहा जणांत घ्यायला कोणी तयार नव्हतं. कूर्टनं शब्द टाकला म्हणून घेतलं. राखणदाराच्या गळ्यात माप घ्यायची पितळी अंगठी असते. तिच्यातून आरपार जातो तो पर्लमून लहान, त्याला हात लावायचा नाही. ज्या दिवशी ती अंगठी गळ्यात पडली त्या दिवशी रूबेन बोलताना सारखा गळ्याशी हात नेत होता.

तांबडं पाणी ओसरल्यावर सहा जण ओहोटीला घळीत उतरले. तीन हजारांतले किती उरले ते मोजायचं होतं. पाणी असं गार की बोटं आपली वाटेनात.

"किती?" काठावरून विल्मा आंटी ओरडली. ती गावच्या राखण समितीची मुख्य. चर्चमध्ये ऑर्गन वाजवायची आणि बाहेर माणसांना.

"एक्केचाळीस."

"पुन्हा मोजा."

"पुन्हा मोजलं की पिल्लं घालतील का आंटी?" रूबेन म्हणाला, पण या वेळी कोणी हसलं नाही.

विल्मा आंटीनं होडीघराच्या दारावर खडूनं एक्केचाळीस लिहिलं. ही एक्केचाळीस जवळजवळ राहिली, दोन वर्षं जगली, तर अंडी सोडतील, आणि घळ पुन्हा भरेल. विरळ झाली तर अंडी पाण्यात वाया जातात. "ऑस्ट्रेलियात असंच केलं, खडक सांभाळला, आता खातात बसून," आंटी म्हणाली. "चिलीत त्यांच्याकडच्या तसल्याच जिवाचा खडक आधी सांभाळला नाही, मग रिकामे शिंपले विकायची पाळी आली. आपण कोण व्हायचं ते ठरवा." मग तिनं राखणीच्या पाळ्या लावल्या. रविवारची सकाळ, म्हणजे चर्चची वेळ, कूर्टकडे आली. सगळं गाव प्रार्थनेत असताना घळीवर कोणाला एकटं ठेवायचं, तर कूर्टलाच. यावर कोणी बोललंसुद्धा नाही.

घरी कूर्टची आई सीना अंथरुणाला खिळली होती. चौऱ्याऐंशी वर्षांची. एके काळी परकराचा काचा मारून ओहोटीला खडकांवर जायची आणि पुरुषांच्या आधी पोतं भरायची. आता डोळ्यांत मोतीबिंदूचा सारा पडलेला, हातांची नुसती हाडं. तांबडं पाणी आल्यापासून तिनं खाणं सोडलं होतं.

"आई, दोन घास घे." कूर्टची बायको लेनी माशाचा रस्सा घेऊन बसली होती.

"चव नाही गं. सगळं भिजलेल्या पुठ्ठ्यासारखं लागतं."

"मग काय खावंसं वाटतं?" दारातून कूर्टनं विचारलं.

म्हातारीनं तोंड भिंतीकडे केलं. "काही नाही. तुझा बाप असता तर विचारत बसला नसता. आणून टाकलं असतं."

एवढंच ती बोलली, पण कूर्टला ते जिव्हारी लागलं. बाप जायचा तेव्हा खडक भरलेले होते, जाऊन काढून आणायचे, घरात जायफळ आणि लोण्यात परतायचे. पंधरा वर्षांत रोयक्लिपच्या चुलीवर पर्लमून चढला नव्हता. इथला माल डब्यात बसून हाँगकाँगच्या लग्नांत जायचा, आणि ज्यांच्या दारात तो वाढला ती माणसं डबाबंद पिल्चर्ड मासे खायची. कूर्ट चार दिवस मनाशी हेच घोकत राहिला. माणसाला चुकीचं काही करायचं असलं की त्याला जगातला अन्याय फार दिसायला लागतो.

रविवारी धुकं होतं. चर्चची घंटा झाली, तशी कूर्टनं रबरी पोशाख चढवला आणि घळीत उतरला. हातात जुन्या लॉरीच्या कमानपाट्यातून घासून केलेली पटाशी होती, बापाची. दोन काढायचे, बास. दोन कमी झाले तर मोजताना चुकलं म्हणता येईल.

पर्लमून काढायची एक रीत आहे. त्याला कळायच्या आत पटाशी पायाखाली सरकवायची आणि एका झटक्यात उचलायचा. आधी बोट लागलं की तो खडक आवळून धरतो, मग जोर करावा लागतो, आणि जोर केला की पाय कापला जातो. कापलेला पुन्हा ठेवून उपयोग नाही. त्याचं रक्त साकळत नाही, वाहून वाहून मरतो. हे कूर्टनं गावातल्या पोरासोरांना शिकवलं होतं. आणि त्या दिवशी कूर्टचंच बोट आधी लागलं. थंडीनं म्हणा, भीतीनं म्हणा. पहिला कापला, दुसराही कापला. निळसर पाण्यासारखं रक्त पोशाखावर आलं. चाळीस वर्षांत त्याच्या हातून असे दोन एका पाठोपाठ कापले गेले नव्हते. मग ते दोन घेऊन जाण्यावाचून इलाज नव्हता, आणि कापलेल्यांचं मांस आईला घालावं असं वाटेना, म्हणून त्यानं आणखी दोन काढले. हे नीट निघाले.

चारही पोशाखाच्या आत पोटाशी कोंबून तो मागच्या वाटेनं घरी आला. पोशाख सोडला तेव्हा तीन खाली पडले. चौथा पोटाच्या कातडीला चिकटून बसला होता. ओढला तर कातडी ताणली जायची, तो काही सुटेना.

लेनी चर्चमधून आली ती हे बघून उभीच राहिली. "हे काय?"

"आईनं मागितलं."

"आईनं? ती माझ्याकडे मीठसुद्धा मागत नाही."

"आधी हे सोडव, मग बोल."

लेनीनं चमच्याचं मागचं टोक घालून तो सोडवला. पोटावर अंड्याच्या आकाराचा लाल वळ उठला. ती वळाकडे बघत राहिली, त्याच्या तोंडाकडे तिनं पाहिलं नाही.

आता शिजवायचा कसा? पर्लमून चिवट, पोत्यात घालून उंबऱ्यावर दगडानं ठेचतात, तो धप धप आवाज गावातल्या बहिऱ्यालाही कळतो. म्हणून लेनीनं रेडिओवरची स्तोत्रं मोठ्यानं लावली आणि मांस खिमा करायच्या हातयंत्रातून काढलं. देवाची गाणी आणि यंत्राची कुरकुर. कूर्टनं खिडक्या लावून घेतल्या, जायफळाचा वास जाऊ नये म्हणून. स्वतःच्या घरात स्वतःच्या आईला जेवू घालायला त्याला चोरासारखं खिडक्या लावाव्या लागल्या, याची त्याला लाज वाटली. आणि चोरासारखं कसलं, चोरच, हेही त्याच वेळी त्याला कळलं.

म्हातारीनं पहिला घास तोंडात बराच वेळ घोळवला. मग दुसरा घेतला. तिसरा घेतला. कूर्टच्या डोळ्यांत पाणी आलं.

"कोवळा आहे," म्हातारी म्हणाली.

"हो."

"अंगठीतून आरपार गेला असेल."

म्हातारीनं चमचा बाजूला केला. "शिंपला कुठाय? दे एक."

चारही शिंपले बादलीत होते, संध्याकाळी खोल पाण्यात टाकायचे म्हणून. त्यानं एक धुऊन तिच्या हातात दिला. त्याला वाटलं, डोळ्यांत सारा पडलेल्या बाईला टोक हिरवं की विटकरी ते काय दिसणार? म्हातारीनं पाठीवरून अंगठा फिरवला आणि शिंपला उशीखाली सारला. त्यानंतर पर्लमून तिनं तोंडात घेतला नाही. उरलेला लेनीनं मांजरालाही घातला नाही, परड्यात पुरला.

सोमवारी घळीत सदतीस निघाले.

होडीघरात माणसं जमली. रविवारी रूबेनच्या दोरीवर रबरी पोशाख वाळत होता, तो तिघांनी पाहिला होता.

"आमिष आणायला गेलो होतो," रूबेन म्हणाला. "दीपस्तंभाच्या बाजूला. घळीकडे फिरकलोसुद्धा नाही."

"चर्च सोडून आमिष?" कोणीतरी मागून बोललं. "जुनी खोड, दुसरं काय."

विल्मा आंटीनं हात वर करून सगळ्यांना गप्प केलं. "पहाऱ्यावर कूर्ट होता. कूर्ट, तू सांग. पाण्यात कोणी होतं?"

"धुकं होतं," कूर्ट म्हणाला.

"होतं की नव्हतं?"

त्याला 'नव्हतं' म्हणता आलं असतं. पण मग चार पर्लमून गेले कुठं, हा प्रश्न त्याच्याच पायाशी येऊन बसला असता. पोटावरचा वळ सदऱ्याखाली चुरचुरत होता.

"होतं कोणीतरी," तो म्हणाला. "काळ्या रबरी कपड्यातलं."

रूबेननं मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. "मी होतो का अंकल?"

"तोंड दिसलं नाही."

"पण मी होतो का? तुम्ही मला पाठमोरा अंधारात ओळखता."

"तोंड दिसलं नाही म्हटलं ना."

रूबेननं गळ्यातली पितळी अंगठी काढली, दोरी तिच्याभोवती नीट गुंडाळली आणि विल्मा आंटीसमोर ठेवली. शिवीगाळ करेल असं सगळ्यांना वाटलं होतं. त्यानं टोपी घातली आणि बाहेर गेला. दारावरचा आकडा आंटीनं बाहीनं पुसला आणि सदतीस लिहिलं.

कूर्ट घरी आला तो थेट मागच्या अंगणात जाऊन बसला. तो म्हणाला होता त्यातलं एकही अक्षर खोटं नव्हतं. त्याचीच त्याला किळस येत होती.

रूबेन मात्र रोज दुपारी यायचा, पूर्वीसारखाच. म्हातारीच्या पायांना तेल लावायचा, तिच्याशी हळू आवाजात बोलत बसायचा. त्याच्या चपला दारात दिसल्या की कूर्ट जाळी शिवायचं निमित्त करून मागं जायचा. जाळी शिवून झाली, तर उसवून पुन्हा शिवायचा.

"जा, सांग त्याला," लेनी म्हणाली.

"आई जरा सावरली की सांगतो."

"आई सावरायची नाही आणि तू सांगायचा नाहीस." लेनी कपडे पिळत होती, तिनं पिळा घट्ट आवळला. "तो आज मला म्हणाला, आंटी, मोलमजुरीला शहरात जातो. त्याला बोटींशिवाय येतं काय?"

"मी त्याचं नाव घेतलं नाही."

"नाही घेतलंस. म्हणून तर तुझ्याकडे बघवत नाही."

बुधवारी म्हातारीचं अंथरूण बदलताना कूर्टनं उशीखाली हात घातला. शिंपला नव्हता. गादीखाली नव्हता, पलंगाखाली नव्हता.

"आई, तो शिंपला?"

"ज्याचा त्याला दिला," म्हातारी म्हणाली आणि डोळे मिटले.

ती हल्ली असंच काहीबाही बोलायची, बापाशीही बोलायची. लेनीनंच टाकला असेल, असं कूर्टनं धरलं. पुरावा गेला म्हणून त्याला हायसं वाटलं, आणि मरणाऱ्या आईच्या उशाशी उभं राहून आपल्याला हायसं वाटतंय हे लक्षात आल्यावर तो तिथून बाहेर पडला.

शुक्रवारी पहाटे ती गेली.

रोयक्लिपमध्ये थडगं शेजारी खणतात, घरच्यांनी फावडं धरायचं नसतं. एरीसांचा शेजारी रूबेन. शनिवारी सकाळपासून तो वाळूत खणत होता, एकटाच, कारण बाकीचे त्याच्या बरोबरीनं खणायला पुढे आले नाहीत. पेटी उतरली, प्रार्थना झाली, वाळू लोटली. मग बायका आणि पुरुष एकेक शिंपला ठेवायला लागले. कोळ्याच्या थडग्यावर दगड नसतो, शिंपले असतात. जिवंत पर्लमून खडकावर बसतो तसे, पाठ वर. ज्याच्या त्याच्या घरचे जुने, विटकरी, उन्हानं पांढरे पडलेले. डोक्याशी जो ठेवतात तो मेलेल्याचा स्वतःचा.

"डोक्याचा कोणाकडे आहे?" विल्मा आंटीनं विचारलं.

कूर्टनं खिशात बापाच्या वेळचा एक आणला होता. तो पुढे होणार तेवढ्यात रूबेननं फावडं रोवलं, सदऱ्याच्या आत हात घातला आणि एक शिंपला काढला. लहान होता. कूर्टला तो लांबूनच ओळखू आला.

रूबेन गुडघ्यावर बसला आणि त्यानं शिंपला डोक्याशी ठेवला. उताणा. टोक वाळूत दाबून घातलं, आतली मोत्याची चमक वर आली.

"अरे, उलटा ठेवलास," विल्मा आंटी म्हणाली. "पाठ वर ठेव. तुला शिकवलं नाही का कोणी?"

"असू दे आंटी. चमक दिसू दे वर."

"असं नसतं ठेवत. सीनाचं थडगं आहे ते."

"असू दे म्हटलं ना." रूबेनचा आवाज चढला. तो उठला नाही, हात शिंपल्यावरच होता.

कूर्ट त्याच्याशेजारी खाली बसला. "कधीपासून आहे तुझ्याकडे?" त्यानं हळूच विचारलं.

"मंगळवारपासून." रूबेन वाळूकडे बघत बोलत होता. "तिनं मला विचारलं, याचं टोक कसल्या रंगाचं आहे. मी म्हटलं, विटकरी. तर म्हणाली, आता तूही खोटं बोलायला लागलास का? मग म्हणाली, हा तुझा. विल्माला दाखव, नाहीतर माझ्या डोक्याशी ठेव. तुझी मर्जी."

"मग दाखवला का नाहीस?"

"तुमच्यासाठी नाही थांबलो," रूबेन म्हणाला. "ती जिवंत होती. तिच्या घरावर लोक थुंकले असते. आता उठा अंकल. लोक बघतायत."

लोक बघतच होते. लेनी बघत होती. उठायचं, खिशातला शिंपला बाजूला ठेवायचा आणि घरी जायचं, एवढंच करायचं होतं. रूबेननं सगळं झाकून दिलं होतं. उद्या तो शहरात जाईल, कूर्ट दर रविवारी घळीवर उभा राहील, आणि सदतीस पर्लमून बिनबोभाट वाढतील.

कूर्टनं रूबेनचा हात बाजूला केला. शिंपला उचलला, वाळू पुसली आणि पाठ वर करून ठेवला. टोक हिरवंगार होतं. पांढऱ्या पडलेल्या त्या सगळ्या शिंपल्यांत ते एकच हिरवं.

विल्मा आंटीनं चष्मा लावला. वाकली.

"आपल्या घळीतला," ती म्हणाली.

"हो."

"कोणी काढला?"

"मी." त्यानं पुन्हा, सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं. "मी काढला. चार काढले. दोन कापले माझ्या हातून. आईनं मागितलं नव्हतं. पाण्यात होतो तो मीच होतो."

मागे कोणाचं तरी मूल बोललं, त्याला आईनं गप्प केलं. कूर्टनं गळ्यातली अंगठी काढून रूबेनपुढे धरली. रूबेननं ती घेतली नाही. हात लांबच राहिला, शेवटी विल्मा आंटीनं त्याच्या हातातून अंगठी उचलली आणि ॲप्रनच्या खिशात टाकली. मग ती वळली. तिच्यामागून बाकीचे निघाले, एकेक, दोघं दोघं. कोणी कूर्टच्या खांद्यावर हात ठेवला नाही. आईच्या मातीच्या दिवशी रोयक्लिपमध्ये माणसाच्या खांद्यावर हात ठेवतात.

कूर्टनं शिंपल्यावर तळहात ठेवला होता. वाळू भुसभुशीत होती, शिंपला जरा कलला; त्यानं तो सरळ केला, दाबून धरला. लेनी फाटकापाशी त्याच्यासाठी थांबली होती, मग तीही चालायला लागली. तो धरूनच बसला होता.

रूबेननं फावडं उपटून खांद्यावर टाकलं. दोन पावलं गेला आणि परत फिरला.

"सोडा अंकल," तो म्हणाला. "तो आता धरायचा नाही."